खऱ्या पत्त्याची किंमत

सोयाबीनची पट्टी हाती पडली, की दसरा-दिवाळीच्या सुमारास मुखेडच्या आडतीवर आणि बसस्थानकासमोरच्या हॉटेलांतून एक प्रश्न हटकून चर्चेस निघतो, आणि तो असा की, नवी मोटार घ्यावयाचीच आहे तर ती नांदेडास किंवा लातुरास घ्यावी, की देगलूरवरून थेट हैदराबाद गाठून तेथून आणावी. हैदराबादच्या विक्रेत्यांपाशी माल विपुल, आपसांतील चढाओढ तीव्र आणि वर्षअखेरचा साठा हातावेगळा करण्याची निकडही मोठी, त्यामुळे तेथे सूट सढळ मिळते, आणि येथे ज्या गाडीसाठी दोन महिने तिष्ठावे लागते ती तेथे आठवड्यात दारी येते, असे छातीठोकपणे सांगणारे गृहस्थ प्रत्येक गल्लीत एक-दोन तरी असतातच.

माझ्या भाच्याने हाच बेत केला, आणि आमच्याकडील रिवाजाप्रमाणे बेत पक्का झाल्यावर सल्ला विचारावयास आला. "मामा, आठ लाखांच्या गाडीवर तीस हजार सुटतात," तो म्हणाला, "आणि पासिंगचीही कटकट नाही. चुलतभाऊ तिकडेच राहतो, त्याचा पत्ता लावून टाकू. सगळे असेच करतात." त्याच्या हिशेबात सूट होती, विमा होता, येण्याजाण्याचे डिझेल होते, फक्त एका गोष्टीची किंमत त्याने शून्य धरली होती, आणि ती म्हणजे स्वतःचा खरा पत्ता.

त्याला मी दोष देत नाही, कारण मुखेडच्या माणसास हैदराबाद हे परमुलूख वाटावे असे इतिहासाने काही केलेलेच नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा इलाखा निजामाच्या अमलाखाली होता. वरच्या कोर्टाची आणि मोठ्या कचेरीची वाट हैदराबादेकडेच जात असे, व्यवहारात हाली शिक्का चाले, आणि करोडगिरीचा नाका आडवा येई तो हैदराबादच्या वाटेवर नव्हे, तर इंग्रजी अमलातील सोलापूरकडच्या सरहद्दीवर. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, बिदर जिल्ह्यातून उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके इकडे आले, तर देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. नकाशा बदलला, सोयरिकी, बाजारहाट आणि दवाखान्याच्या खेपा मात्र होत्या तशाच राहिल्या. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणी बैलाची जोडी पारखताना किंवा माळेगावच्या यात्रेत जनावराचे दात पाहताना, समोरचा धनी बिदरकडचा आहे की निजामाबादकडचा, याची चौकशी कोणी केल्याचे मला स्मरत नाही. सौदा पटला, रक्कम मोजली, बाजाराची पावती फाडली, की बैल ज्याच्या दावणीला त्याचा.

मोटारीचे तसे नाही, आणि ते का नाही हे नीट समजून घेतल्यावाचून या प्रश्नाचा निवाडा व्हावयाचा नाही. आपल्या राज्यघटनेने वाहनावरील कर हा राज्यांच्या सूचीत घातला आहे, आणि १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या चाळिसाव्या कलमाने असा दंडक घातला आहे की, धन्याचे वास्तव्य किंवा व्यवसाय जेथे आहे आणि वाहन एरवी जेथे ठेवले जाते, त्या राज्यात त्याची नोंद व्हावी. यामागील न्याय उघड आहे: गाडी जर मुखेड-नरसीच्या आणि मुखेड-उदगीरच्या रस्त्यांवर धावणार असेल, तर त्या रस्त्यांची डागडुजी ज्या खजिन्यातून व्हावयाची, त्याच खजिन्यात तिचा कर पडावा. तेव्हा गाडी कोठून आणावी याचे स्वातंत्र्य नागरिकास पूर्ण आहे. ती कोठे नोंदवावी याचे नाही. ही दोन स्वातंत्र्ये एकच आहेत असे समजणे, ही आमच्या भागातील सर्वसाधारण चूक होय, आणि ती चूक गिऱ्हाइकाच्या गळी उतरविण्यात विक्रेत्याच्या माणसांचा हात असतो, हेही सांगितले पाहिजे.

आता हिशेब पाहू. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि मोटारीवरील या कराचा दर देशभर एक झाला. २२ सप्टेंबर २०२५ रोजी लहान मोटारींवरील दर २८ टक्क्यांवरून १८वर आणि ट्रॅक्टरवरील १२वरून ५वर उतरला, तोही मुखेडास आणि हैदराबादेस एकाच दिवशी. म्हणजे परराज्यात जो फरक पडतो तो सरकारी दराचा नसून विक्रेत्याच्या सवलतीचा असतो. उरला राज्याचा मार्गकर. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर महाराष्ट्र ११ टक्के घेतो. तेलंगण पाच ते दहा लाखांच्या मोटारीवर १४ टक्के घेते. आठ लाखांच्या गाडीवर येथे ८८ हजार भरावे लागतात, तेथे १ लाख १२ हजार. चुलतभावाच्या पत्त्यावर पासिंग करून भाच्याने तीस हजारांची सूट पदरात पाडून घेतली असती खरी, परंतु त्यातील चोवीस हजार त्याच दिवशी तेलंगणाच्या खजिन्यात जमा झाले असते. आणि त्यानंतर ती गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात राहिली, म्हणजे राहणारच, की कायद्याप्रमाणे येथील नवा क्रमांक घेणे प्राप्त, त्यासाठी तेथील कचेरीचा ना-हरकत दाखला आणणे प्राप्त, येथील कर भरणे प्राप्त, आणि तेथे भरलेल्या कराचा परतावा मिळावा म्हणून तेथे अर्ज करून वाट पाहत बसणेही प्राप्त. जी कटकट टाळण्यासाठी पत्ता खोटा दिला, तीच कटकट वर्षभराने दुपटीने दारात उभी राहते.

इतके झाल्यावर वाचक म्हणेल, मग खरा पत्ता द्यावा म्हणजे झाले. येथेच माझ्या तक्रारीस प्रारंभ होतो, आणि ती भाच्याविरुद्ध नसून कायदा करणारांविरुद्ध आहे. २०१९च्या दुरुस्तीने कायद्याच्या एकेचाळिसाव्या कलमात अशी तरतूद घातली गेली की, नव्या वाहनाच्या नोंदणीचा अर्ज विक्रेत्यानेच करावा. तरतूद उत्तम, कारण तिने गिऱ्हाइकाचे हेलपाटे आणि दलालाची दक्षिणा दोन्ही वाचावी असा हेतू होता. परंतु त्याच वाक्यात पुढे अट आहे की, विक्रेता ज्या राज्यातील, त्याच राज्यात गाडीची नोंद व्हावयाची असेल तरच. याचा व्यावहारिक अर्थ असा की, मुखेडच्या माणसाने हैदराबादेत खोटा पत्ता दिला तर सारे काम विक्रेता बसल्या जागी उरकून देतो, आणि खरा पत्ता दिला तर तो तात्पुरता क्रमांक हाती देऊन मोकळा होतो; पिवळ्या पाटीवर तांबड्या अक्षरांचा तो क्रमांक मिरवीत गाडी घरी आणावयाची, आणि विक्रीचा दाखला, कंपनीचे रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र, विम्याचे कागद, पत्त्याचा पुरावा अशी चळत काखेत मारून धन्याने स्वतः कचेरीची पायरी चढावयाची. खोट्यास राजमार्ग आणि खऱ्यास पाणंद, अशी ही व्यवस्था झाली आहे.

पाणंदीत मुदतीचा खड्डाही आहे, आणि तो किती खोल आहे हे एका निकालावरून कळते. राजस्थानातील श्रीगंगानगरच्या एका रहिवाशाने आपल्या नव्या बोलेरोचा विमा पंजाबात उतरविला होता. गाडीची तात्पुरती नोंद १९ जुलै २०११ रोजी संपली, कायमची झाली नव्हती, आणि २८ जुलैच्या रात्री जोधपुरात अतिथिगृहाबाहेर उभी असताना ती चोरीस गेली. प्रकरण दहा वर्षे चालले, आणि ३० सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, वैध नोंदणीवाचून गाडी वापरणे हा विमा कराराच्या मूलभूत अटींचा भंग होय, सबब विमा कंपनीवर भरपाईचे दायित्व नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल निर्दोष असेल. पण हप्ता भरलेला, पावती जवळ असलेली, आणि तरीही नऊ दिवसांच्या विलंबाने सबंध गाडी गमावलेली व्यक्ती डोळ्यांसमोर आणली, म्हणजे परराज्यातून गाडी आणणाराने तात्पुरत्या क्रमांकाची मुदत पंचांगातील तिथीसारखी जपावी, एवढा उपदेश तरी प्रत्येक घरात पोचलाच पाहिजे.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो नांदेड-लातूरच्या विक्रेत्यांकडून येईल, की परराज्यातील खरेदी सुकर करून आमच्या पोटावर पाय का द्यावा? आक्षेपात तथ्य आहे. गाडीची पुढील देखभाल शेवटी याच मंडळींच्या कार्यशाळेत व्हावयाची असते, आणि त्यांच्या पदरी आमचीच मुले चाकरीस असतात. परंतु वाट अवघड ठेवल्याने गिऱ्हाईक घरी बसत नाही, ते केवळ खोटा पत्ता शोधते. आणि खोटा पत्ता लागला की महाराष्ट्राचा मार्गकर तर जातोच, पण वस्तू व सेवा करातील वाटाही जातो, कारण ऑक्टोबर २०२३ पासून किरकोळ गिऱ्हाइकाच्या बिलावर जो पत्ता नोंदला असेल त्या राज्यात ती विक्री झाली असे धरले जाते. म्हणजे बिलावर मुखेड लिहिले तर महाराष्ट्राचा हिस्सा महाराष्ट्रास मिळतो. आमच्या राज्याचे हित खऱ्या पत्त्यात आहे, अडवणुकीत नाही.

उपाय अशक्य कोटीतील नाहीत. २०२१ साली केंद्राने 'बीएच' मालिका काढली. तिच्यात दोन-दोन वर्षांचा कर भरता येतो आणि बदली झाली तरी क्रमांक बदलावा लागत नाही. पण ती सैनिक, सरकारी नोकर आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खाजगी कंपन्यांचे नोकर यांच्यापुरती आहे. आडत्या, शिक्षणसंस्थेतील मास्तर किंवा दहा एकरांचा कास्तकार यांना तिचा उपयोग नाही. शेतकऱ्यास बदलीचा क्रमांक नको आहे. त्याला एवढेच हवे आहे की, हैदराबादच्या विक्रेत्याने गाडी विकतानाच मुखेडच्या पत्त्याचा अर्ज महाराष्ट्राच्या कचेरीकडे संगणकावरून रवाना करावा, महाराष्ट्राचा कर महाराष्ट्राच्या खात्यात भरून घ्यावा, आणि एमएच सव्वीसची पाटी लावूनच गाडी हवाली करावी. त्यासाठी एकेचाळिसाव्या कलमातील ती अट केंद्राने काढावी. तेलंगणाने नोंदणीची स्वतःची निराळी संगणकप्रणाली दीर्घकाळ चालविली, हे खरे. आणि दोन राज्यांच्या संमतीवर टांगलेले काम किती पिढ्या रखडते हे लेंडी धरण पाहिलेल्या मुखेडकरास सांगावयास नको. म्हणून महाराष्ट्राने तेलंगणाची वाट न पाहता आपल्या हातात आहे तेवढे तरी करावे: परराज्यातून खऱ्या पत्त्यावर आलेल्या नव्या गाडीची तपासणी तालुक्याच्या गावी शिबिरात व्हावी, आणि अर्जात त्रुटी असल्यास ती सर्वच्या सर्व एकदाच लेखी कळवावी.

भाच्याने माझे ऐकले. गाडी हैदराबादेहूनच आणली, परंतु बिलावर मुखेड लिहविले आणि राज्यातील एका परिवहन कचेरीत अर्ज दाखल केला. पहिल्या खेपेस एक कागद कमी निघाला, दुसऱ्या खेपेस संगणक बंद होता, तिसऱ्या खेपेस दुसरा कागद कमी निघाला, आणि चौथ्या खेपेस, तात्पुरत्या क्रमांकाची मुदत संपण्यास चार दिवस उरले असताना, काम झाले. कोणी पैसे मागितले नाहीत, कोणी उर्मटपणे बोलले नाही. प्रत्येकाने आपापला नियम तेवढा पाळला. बुडालेले दिवस आणि जाण्यायेण्याचा खर्च धरून तीस हजारांतील किती उरले, हे त्याने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. नवी पाटी लावून तो पेढे घेऊन आला, तेव्हा मात्र हसत म्हणाला, "मामा, तुमचं ऐकलं ते बरंच झालं. पण पुढची गाडी घेईन तेव्हा तुम्हाला विचारणार नाही."

पेढा मी तोंडात टाकला होता, म्हणून लगेच उत्तर देता आले नाही. नंतरही सुचले नाही. ते उत्तर द्यावयाचे काम माझे नसून, जे नियम लिहितात त्यांचे आहे.