तोडा मिरचीचा, तारीख शाळेची

होळी झाली की भिवापूर तालुक्यात दोन कामे एकदम अंगावर येतात. शेतात लाल मिरचीचा शेवटचा तोडा असतो, सातऱ्यावर देठ मोडायला बायामाणसे सकाळपासून बसलेली असतात, आणि त्याच दिवसांत शाळेच्या तारखा एकामागून एक येऊन निघून जातात. मिरची वाट पाहत नाही हे आमच्या वाचकांस कोणी सांगावयास नको. वाळत घातलेल्या मालावर अवकाळीची एक सर आली की रंग गेला आणि भावही गेला. पण तारीखही वाट पाहत नाही, हे मात्र आम्हांस दरसाल सांगावे लागते. कोणी म्हणेल, तुमचे हे नेहमीचेच रडगाणे आहे. असेल. दरसाल काही पोरे मागे राहतात तोवर ते दरसाल छापावे लागेल.

पहिली तारीख ३१ मार्च. तहसील कचेरीतून उत्पन्नाचा जो दाखला आपण आणतो, त्यावर मुदतीची तारीख छापलेली असते आणि ती बहुधा हीच असते. घरोघरी पेटीत, गादीखाली, देव्हाऱ्यामागे हे दाखले जपून ठेवलेले असतात. जूनमध्ये मुलाच्या वसतिगृहाचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास बसले म्हणजे कळते की, जपलेला कागद केव्हाच मेला आहे. मग धावाधाव. दहावी-बारावीचे निकाल लागून सारा तालुका त्याच वेळी सेतू केंद्राच्या दारात उभा असतो. यंत्र चालत नाही, वीज नाही, साहेब दौऱ्यावर आहेत, आणि पेरणीचे दिवस हातचे जात आहेत. म्हणून आमचे सांगणे असे की, नवा दाखला एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच मागावा. मार्चमध्ये तलाठी वसुलीच्या मागे असतो. एप्रिलमध्ये तो जरा मोकळा सापडतो. (सरकारने त्याचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी असे ठेवले आहे. नाव लांबले तसे कामही लांबू नये एवढीच अपेक्षा.) अर्ज दिल्यावर पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. २०१५ सालच्या लोकसेवा हक्क कायद्याने अशा प्रत्येक दाखल्याला मुदत ठरवून दिली आहे, उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. ती टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. पण पावती नसेल तर तुमचा अर्ज कोणत्या दिवशी आला हे सांगणार कोण?

प्रतिज्ञापत्राबद्दलही दोन शब्द. जात, उत्पन्न, रहिवास यांच्या दाखल्यांकरिता जे प्रतिज्ञापत्र करावे लागते, त्यावरील मुद्रांक शुल्क सरकारने २००४ सालीच माफ केले आहे. साधा कागद चालतो. तरीही पुष्कळ ठिकाणी गरिबाच्या हातात मुद्रांकाचा कागद ठेवून पैसे घेतले जातात. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात शंभराच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा आला तेव्हापासून ही खोट पाचपट झाली. आम्हांसही एकदा असा कागद घ्यावयास लावला होता. ठिकाणाचे नाव घेत नाही. परंतु ज्याने लावला त्याला नियम ठाऊक होता आणि आम्हांस नव्हता, एवढेच त्या व्यवहाराचे भांडवल होते. दिवसभर सातऱ्यावर ठसक्यात बसून बाई जे कमावते ते एका कागदात घालावयाचे, आणि तेही जो कागद लागतच नाही त्यात!

खरा घोर जातीच्या दाखल्याचा. इतर मागास व विशेष मागास प्रवर्गातल्या घरांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. आणि सर्वांत भारी पुरावा कोणता, तर बापाचा किंवा आजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला. आता हा न्याय पाहा. ज्याचा आजा शाळेत गेलाच नाही, किंबहुना ज्याच्या आज्याला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याच्याच नातवाने आज्याच्या शाळेचा कागद आणावा! १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी आपले निवेदन दिले. शेतकऱ्याच्या घामातून सरकारचा खजिना भरतो आणि त्यातून शिकतात वरचे लोक, हे त्यांनी त्या साहेबांस ऐकविले आणि खेड्यापाड्यांतील मुलांना बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. ती मागणी मानावयास या देशाला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. त्या दिरंगाईचा भुर्दंड मात्र आज आमचीच घरे भरत आहेत, कारण आज्याचा कागद नाही.

कागद नाही म्हणून हातपाय गाळू नयेत. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनी कोतवाल बुके पडून आहेत. गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी कोतवाल त्यांत करीत असे आणि नावापुढे जातही लिहीत असे. गावच्या जुन्या शाळेची दाखल-खारीज नोंदवही पाहावी. आज्याचे नाव नसले तरी त्याच्या भावाचे किंवा चुलत्याचे निघते, आणि रक्ताचे नाते दाखविता आले तर तेही उपयोगी पडते. उमरेड-पवनीकडच्या विणकर कोष्टी बांधवांनी तर या बाबतीत फार जपून पावले टाकावीत. २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मिलिंद खटल्यात हलबा-कोष्टी हे हलबा जमातीत मोडत नाहीत असा निकाल दिला, आणि पुष्कळ शिकलीसवरली मुले नोकरी लागल्यावर अडचणीत आली. तो निकाल कोणाला गोड वाटो वा कडू, पण पहिलीत जाणाऱ्या पोराच्या नावापुढे आज जे लिहाल ते वीस वर्षांनी त्याच्या पुढ्यात येऊन उभे राहील. कोष्टी विशेष मागास प्रवर्गात आहेत. टिकेल तो दाखला काढावा.

याच कागदांवर खाजगी शाळेतील पंचवीस टक्के जागांचा हक्क अडकलेला आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ सालचा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. या जागांचे अर्ज २०२५ साली जानेवारीतच घेतले गेले आणि फेब्रुवारीत सोडत निघाली. म्हणजे शिमगा येईतो पुष्कळसा खेळ संपलेला होता. त्याच्या आदल्या साली तर निराळाच प्रकार घडला. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने सरकारने ठरविले की, ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी अथवा अनुदानित शाळा आहे तिने या जागा देण्याचे कारण नाही. गरिबाच्या पोराने गरिबाच्याच शाळेत बसावे, असा त्याचा सरळ अर्थ. पालक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्यास स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती अधिसूचना रद्द केली. जागा परत मिळाल्या, पण शाळा सुरू होऊन गेल्यावर. जे पालक कागद तयार ठेवून बसले होते त्यांना त्याचा लाभ झाला. पहिलीला जाणारे मूल ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षांचे होत असेल तर आदल्या दिवाळीतच त्याचा जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा आणि बापाचा जातीचा दाखला एका पिशवीत घालून ठेवावा.

आम्हांस मात्र खाजगी शाळेचा मोठा मोह नाही. आमच्या गावांची आशा जिल्हा परिषदेच्या शाळेवरच आहे, आणि ती शाळा आज पटाच्या आकड्यावर लटकली आहे. पाडव्याला मास्तर व मुले गावातून फेरी काढतात, घरोघरी नावे विचारतात. काही लोक हसतात. मास्तरला पोरे कमी पडली म्हणतात. हसू नका. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविले गेले. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षकांच्या पदांची मोजणी इतकी कडक केली की, सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुले असली तर तेथील नियमित शिक्षकाचे पदच धोक्यात आले. ही मोजणी ३० सप्टेंबरच्या पटावर होते. आणि ज्या मुलाचे आधार जुळत नाही ते मूल मोजणीत धरले जात नाही. पोर वर्गात बसले आहे, पाढे म्हणत आहे, दुपारची खिचडी खात आहे. पण कागदावर ते नाहीच! नावात एक अक्षर इकडचे तिकडे, जन्मतारखेत एक आकडा चुकलेला, किंवा पाच वर्षांचे झाल्यावर बोटांचे ठसे द्यावयाचे राहिले, इतक्यावर गावचा एक मास्तर जाऊ शकतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत लग्नसराई असते हे खरे, पण एक दिवस काढून भिवापुरास जावे आणि पोराचे आधार दुरुस्त करून आणावे. शेजाऱ्याच्या पोरालाही सोबत घेऊन जावे. शाळा दोघांची आहे.

आता जी कुटुंबे मिरची तोडावयास तेलंगणात जातात त्यांच्याविषयी. माघ-फाल्गुनात घराला कुलूप लावून सारे निघतात, लहान पोर मागे ठेवणार कोणाकडे? आम्ही त्यांस दोष देत नाही. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले, नाव मोठे झाले. पण मिरची तोडणाऱ्याला आपल्या गावात बारा महिने काम मिळाले नाही. जाताना एवढे करावे की, मास्तरांकडून मुलाचे शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे. हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. ती आपल्या गावी का नाही हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारावे. त्या समितीत तीन चतुर्थांश माणसे पालकांतली आणि निम्म्या बाया असाव्यात असा कायदा आहे. बहुतेक ठिकाणी बायांची सही घरी आणून घेतली जाते, ही गोष्ट निराळी. परत आल्यावर नाव कापले असे कोणी सांगितले तर ऐकू नये. शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला, वयाचा पुरावा नाही, वर्ष अर्धे झाले आहे, यांपैकी कोणत्याही कारणाने मुलाला प्रवेश नाकारता येत नाही.

१९१७ साली शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला महिन्यास एक रुपया दंड ठेविला होता. तो रुपया त्या काळी जड होता, म्हणून लोक वचकले. आमच्या राज्य सरकारने १९९२ साली उलट बाजूने एक रुपया काढला: दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती-जमाती व भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीतल्या मुलींना हजेरीचा भत्ता, दिवसाला एक रुपया. कल्पना चांगली होती. पण त्यानंतर तीस वर्षे उलटली तरी तो रुपया रुपयाच राहिला. वर्षभर एकही दिवस न चुकविता गेलेल्या मुलीला दोनशेवीस रुपये, आणि तिच्या नावाचे बँकेत खाते उघडावयास बापाचा एक दिवसाचा रोज बुडतो. दंडाचा रुपया बोचत असे. हा रुपया मुलीच्या आईस ठाऊकही नसतो. हजेरीची टक्केवारी पुरी करणाऱ्या मुलींच्या आयांनी तो मागून घ्यावाच, थोडा आहे म्हणून सोडू नये. मागणारे वाढले तरच तो वाढविण्याचा विषय निघेल.

शिष्यवृत्तीचे थोडक्यात. २०१५ साली पाचवी व आठवीला नेलेली परीक्षा पुन्हा चौथी व सातवीला आणण्याचे सरकारने २०२५ साली ठरविले. आमच्या मते हे बरे झाले, कारण चौथीपर्यंतच्या खेड्यातील शाळेला आपल्या हुशार पोराचा मान पुन्हा मिळेल. आठवीतल्या मुलांसाठी केंद्राची दुर्बल घटकांची शिष्यवृत्ती आहे, वर्षास बारा हजार रुपये, बारावीपर्यंत. घरचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे, म्हणजे पुन्हा तोच ३१ मार्चचा दाखला. पाचवीत जाणाऱ्या मुलांच्या घरांनी नवेगाव खैरीच्या नवोदय विद्यालयाचा अर्ज जून-जुलैत चुकवू नये. त्याला फी नाही, आणि किमान पाऊणशे टक्के जागा खेड्यांतील मुलांसाठी आहेत.

राहिली उन्हाची गोष्ट. २०२५ साली साऱ्या राज्याची वार्षिक परीक्षा एकाच वेळी घ्यावयाची म्हणून ती २५ एप्रिलपर्यंत ताणली. पुण्यात बसून वेळापत्रक लिहिणाऱ्यास वैशाखातले विदर्भाचे ऊन ठाऊक नसावे. आमच्याकडे त्या दिवसांत पोरे पहाटे चारला उठून मोह वेचावयास रानात जातात, सातला शाळेत येतात आणि पेपरावर डुलक्या घेतात. रानालगतच्या गावांतील आईबापांनी परीक्षेचे तेवढे आठ-दहा दिवस पोराला मोहाच्या झाडाखालून मोकळे करावे, आणि व्यवस्थापन समितीने पेपर सकाळच्या पहिल्या प्रहरातच संपवावेत असा ठराव आताच करून गटशिक्षणाधिकाऱ्याकडे पाठवावा. ठरावाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, तीवर तारखेचा शिक्का मारून घ्यावा.