थाळी दिली, पुढे काय?

रमजानात मगरिबच्या थोडं आधी मशिदीबाहेर जी माणसं येऊन बसतात, त्यांत एखादा असा असतो की ज्याला रोजा, वार, महिना कशाचंच भान नसतं. अंगावर तीन-तीन मळके कपडे, केसांच्या जटा, स्वतःशीच चाललेलं बोलणं. त्याच्याही हातात खजूर, भजी, कलिंगडाची फोड दिली जाते. देवळाबाहेर त्याला प्रसादही असाच मिळतो. कर्जत-खोपोलीकडे असा माणूस सहसा उपाशी राहत नाही. त्याचं नाव मात्र कोणी विचारत नाही. उत्तर येणारच नाही, असं सगळ्यांनी धरलेलं असतं.

ते चूक आहे, हे दाखवणारी जागा कर्जतजवळच वेणगावला आहे. श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं केंद्र तिथे 2006 पासून चालतं. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या मानसोपचारतज्ज्ञ दाम्पत्याने हे काम 1988 मध्ये मुंबईत सुरू केलं. नारळाच्या करवंटीने गटारातलं पाणी पिणारा एक तरुण त्यांना दिसला. उपचारानंतर कळलं, तो शिकलेला होता, पॅथॉलॉजीचं प्रशिक्षण घेतलेला होता आणि त्याचे वडील आंध्रात जिल्हा परिषदेत नोकरीला होते. पुढे अशा हजारो लोकांना त्यांनी बरं करून घरी पोहोचवलं. 2018 मध्ये डॉ. भरत वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. यात चमत्कार काही नाही. या लोकांत स्किझोफ्रेनियासारखे आजार बरेच आढळतात. औषध सुरू झालं की काही आठवड्यांत एखाद्याला गावाचं नाव आठवतं, मग भावाचं, मग स्वतःचं. तेव्हा कुठे कळतं, तो हिंदू की मुसलमान, बंगालचा की बिहारचा.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. घरी पोहोचलेला माणूस दोन महिन्यांनी गोळ्या बंद करतो. कधी त्याला बरं वाटतं म्हणून, कधी औषध तालुक्याला मिळत नाही म्हणून. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविनाच असल्याचं दिसलं. म्हणून आता संशोधनाचा बराच भर नव्या गोळीइतकाच, ती गोळी घरापर्यंत कशी टिकेल यावर आहे. महिन्यातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा घ्यावी लागणारी इंजेक्शनं आली, ती याचसाठी. सातारा, गोवा आणि तमिळनाडूत स्किझोफ्रेनियाच्या 282 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2014 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. त्यात गावातल्याच साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन रुग्णांच्या घरी पाठवलं होतं. नुसत्या दवाखान्यापेक्षा या जोडीचा फायदा अधिक झाला. फार मोठा नाही, पण झाला. कर्जत-खालापूरच्या वाड्यांसाठी हाच मुद्दा मोलाचा आहे. जिल्हा रुग्णालय अलिबागला. एका गोळीसाठी दिवसाची मजुरी बुडवून तिकडे कोण जाणार? आशा सेविकेच्या पिशवीत ही जबाबदारी घालायची, तर आधी तिला तसा मोबदलाही द्यायला हवा.

रमजानात या प्रश्नाला आणखी एक बाजू येते. घरात आजारी असलेला माणूसही रोजा धरायचा हट्ट करतो, आणि गोळ्या सहरी-इफ्तारच्या मधे राहून जातात. लिथियम घेणाऱ्यांनी तर जपायलाच हवं. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं त्याचं प्रमाण वाढू शकतं. मोरोक्कोतल्या एका अभ्यासात द्विध्रुवीय आजाराच्या बऱ्याच रुग्णांचा आजार या महिन्यात उलटला, पाकिस्तानातल्या दुसऱ्या अभ्यासात डॉक्टरांच्या देखरेखीखाली तसं घडलं नाही. तेव्हा रोजा धरायचा की नाही, गोळीची वेळ बदलायची की नाही, हे डॉक्टरांना आधी विचारावं. आजाऱ्याला रोज्यातून सवलत कुरआननेच दिली आहे. ज्याचं भान हरपलं आहे, त्याच्यावर तर रोजा फर्जच नाही. शेजाऱ्यांनी त्याला त्यावरून टोचू नये.

रस्त्यावरच्या माणसाबद्दल कायदाही स्पष्ट आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 100 नुसार, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा असा माणूस भटकताना आढळला, तर पोलिसांनी त्याला चोवीस तासांत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं असतं. कोठडीत ठेवायचं नसतं. घरातल्या रुग्णासाठी टेलिमानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. हे दोन्ही कागदावर लिहून मशिदीच्या, देवळाच्या आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर लावायला कोणाची परवानगी अडणार नाही.

जकातीच्या आठ हकदारांत मुसाफिर येतो. ज्याला आपल्या घराचा पत्ताच आठवत नाही, त्याच्याहून अडलेला मुसाफिर कोण असेल? आणि सदका तर कोणत्याही धर्माच्या माणसाला देता येतो. महिन्याच्या गोळ्यांचं बिल आणि अलिबागच्या एसटीचं जाण्या-येण्याचं तिकीट, हेही त्या हिशेबात लिहिता येईल.