उंच मुलांच्या आईबाबांनो

तुमचा मुलगा किंवा मुलगी आठवीतच वर्गातल्या सगळ्यांपेक्षा वीतभर उंच दिसत असेल, तर एव्हाना कुणीतरी तुम्हाला म्हणालंच असेल, ‘बास्केटबॉलला घाला, उंचीचं सोनं होईल.’ घाला, जरूर घाला. पण त्याआधी सतनामसिंग भामरा या पंजाबी मुलाची हकिकत शेवटपर्यंत ऐका. तिचा पहिला भाग बऱ्याच जणांना ठाऊक असतो आणि तेवढ्याच भरवशावर घराघरांत मुलांचे निर्णय घेतले जातात.

तो भाग असा. पंजाबातल्या बर्नाला जिल्ह्यात बल्लो के नावाचं लहानसं गाव, शेतकऱ्याचं घर, घरची पिठाची गिरणी. पोरगा वाढत वाढत पुढे सात फूट दोन इंच झाला. लुधियानाच्या अकादमीत खेळ शिकला आणि 2010 साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत पोचला. जून 2015 मध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, ड्राफ्टमध्ये (खेळाडू निवडीत) डॅलस मॅव्हरिक्स या संघाने त्याचं नाव पुकारलं. भारतात जन्मलेल्या खेळाडूचं नाव तिथे पुकारलं जाण्याची ती पहिलीच वेळ. पेपरांत फोटो आले, त्याच्यावर माहितीपट निघाला. अकादम्यांच्या जाहिराती अजूनही इथेच थांबतात.

आता पुढचं. ड्राफ्टमध्ये तीस संघ मिळून साठ नावं घेतात. नाव घेतलं म्हणजे त्या संघाने खेळाडूवर आपला हक्क सांगितला, एवढंच. पहिल्या तिसांना पगाराची हमी असलेला करार मिळतो. दुसऱ्या तिसांना तशी हमी नसते आणि सतनामचा क्रमांक होता 52. संघात जागा असतात साधारण पंधरा आणि त्यासाठी जगभरातून माणसं येतात. डॅलसने त्याला मुख्य संघात घेतलं नाही. तो त्यांच्याशी जोडलेल्या टेक्सास लेजेंड्स या दुय्यम लीगमधल्या संघात खेळला, तिथेही त्याला मैदानावर फार वेळ मिळाला नाही. एनबीएच्या मुख्य स्पर्धेत तो एकही सामना खेळला नाही. मग तो भारतात परतला आणि नंतर कॅनडातल्या लीगमध्ये गेला.

असं का झालं, हे प्रत्येक पालकाने नीट समजून घ्यावं. अमेरिकेतला होतकरू खेळाडू सहसा आधी कॉलेजच्या संघातून खेळतो. तिथे त्याला तगड्या संघांविरुद्ध मोठे सामने मिळतात, चुका करायला आणि सुधारायला जागा मिळते. सतनामला ते दार बंद होतं, कारण कॉलेजप्रवेशासाठी लागणारी अभ्यासाची अट त्याला पुरी करता आली नाही. मुलगा मंद होता म्हणून नव्हे. पंजाबीत वाढलेल्या चौदा वर्षांच्या पोराला एकदम इंग्रजी शाळेत बसवलं, तर दुसरं काय होणार? सात फुटी खेळाडूला पाय हलवायला, बचावात जागा ओळखायला वर्षानुवर्षं प्रत्यक्ष सामने लागतात. माझ्या मते उंची असूनही त्याला याच सामन्यांची उणीव भोवली. आणि ती उणीव शाळेच्या बाकावर सुरू झाली होती.

म्हणून कळकळीने सांगतो, खेळासाठी शाळा अर्धवट सोडवू नका. ‘नुसती परीक्षा द्यायची, बाकी दिवसभर कोर्टवर’ असा सल्ला देणारे कोच भेटतील. त्यांना विचारा की, तुमच्याकडून गेल्या दहा वर्षांत किती मुलं गेली आणि ती आज काय करतात? सगळ्यांचं सांगा, एकाचं नको. मूल मराठी शाळेत असेल तर शाळा बदलायची गरज नाही, पण इंग्रजी बोलण्या-वाचण्याची सवय आतापासून लावा. बाहेरच्या कोचची सूचना कळणं आणि कराराचा कागद स्वतः वाचता येणं, दोन्ही त्याच्या खेळाचाच भाग आहे.

दुसरी गोष्ट ताकदीच्या पावडरीच्या डब्यांची. नोव्हेंबर 2019 मध्ये भारतीय संघाच्या शिबिरात सतनामची डोपिंग चाचणी झाली. नमुन्यात हायजेनामाइन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं. त्याने आरोप नाकारला, सुनावणी मागितली, तरी 2020 च्या डिसेंबरात दोन वर्षांची बंदी पक्की झाली. हे द्रव्य काही वनस्पतींमध्ये नैसर्गिकरीत्या असतं, त्यामुळे ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यातही ते असू शकतं आणि लेबलवर कदाचित नुसतं वनस्पतीचं नाव असतं. त्याच्या बाबतीत ते कुठून आलं, यावर मी काही म्हणणार नाही. पण नियम सगळ्यांना एकच आहे. शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, मग ते जिममधल्या दादाने दिलेलं असो की औषधाच्या दुकानदाराने. चोवीस-पंचविसाव्या वर्षातली दोन वर्षं गेली की ती परत मिळत नाहीत.

तुमच्या चौदा वर्षांच्या मुलाला कसल्याही डब्याची गरज नाही. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, भाकरी आणि नऊ तास झोप एवढं पुरतं. सर्दी-खोकल्याचं औषध घेतानाही तो स्पर्धा खेळतो हे डॉक्टरांना सांगा. नाडा या डोपिंगविरोधी संस्थेचं औषध तपासायचं मोबाइल अ‍ॅप आहे, ते घरात एकाने तरी वापरायला शिका. उंची भराभर वाढण्याच्या वयात गुडघ्याखालचं हाड दुखू शकतं. त्यावर स्प्रे मारून पोराला सामन्यात उतरवू नका. सामना पुढच्या महिन्यातही असतो.

सतनाम आज अमेरिकेत व्यावसायिक कुस्ती करतो. 2021 मध्ये त्याने ऑल एलीट रेसलिंग या कंपनीशी करार केला. तो हरला असं मी मुळीच म्हणणार नाही. गिरणीवाल्याच्या घरातून निघून त्याने दोनदा स्वतःसाठी जागा करून घेतली. मला एवढंच सांगायचं आहे की, ज्या रस्त्यावर आपण मुलांना डोळे झाकून धाडतो, तो त्यालासुद्धा दिसत होता तिथपर्यंत घेऊन गेला नाही. त्याच्यानंतर एनबीएच्या भारतातल्या अकादमीतून निघालेला प्रिन्सपालसिंग 2021 मध्ये सॅक्रामेंटो किंग्जच्या समर लीग संघात होता. मुख्य स्पर्धेत तोही उतरू शकलेला नाही.

मग पोट कशावर भरायचं? भारतातल्या बास्केटबॉलपटूला आधार मिळतो तो बहुतेक वेळा नोकरीचा. रेल्वे, सेनादलं, पोलिस, ओएनजीसीसारखे उपक्रम आणि काही बँका खेळाडूंना नोकरी देऊन स्वतःचे संघ चालवतात. वाराणसीचा विशेष भृगुवंशी देशाचा कर्णधार झाला, त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि नोकरी ओएनजीसीत. आपल्या महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळतं आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी व्हावी लागते. तेव्हा जिल्हा, विभाग, राज्य, जिथे खेळेल तिथला प्रत्येक कागद फाइलमध्ये लावा. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची आहे का, हे फी भरण्याआधी विचारा. व्यावसायिक लीगबद्दल ऐकाल तेव्हा खूश व्हा, पण त्यावर कर्ज काढू नका. आपल्याकडे अशा लीग सुरू होतात आणि बंदही पडतात.

मुंबईत नागपाड्यातल्या मस्तान वायएमसीएच्या कोर्टकडे पाहा. त्या गजबजलेल्या वस्तीने देशाला अब्बास मुंतसिरसारखा कर्णधार दिला, 1970 चा अर्जुन पुरस्कार विजेता. महागडी अकादमी परवडत नाही म्हणून खंतावणाऱ्या पालकांना मी हे मुद्दाम सांगतो. घराजवळचं रोज उघडं असलेलं कोर्ट आणि तिथे वेळेवर येणारा कोच, सोळाव्या वर्षापर्यंत एवढं मिळालं तरी खूप झालं.

मुलींच्या पालकांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. केरळची गीतू अ‍ॅना जोस दक्षिण रेल्वेत नोकरी करत खेळली, ऑस्ट्रेलियात रिंगवूड क्लबकडून खेळून आली आणि 2011 मध्ये अमेरिकेतल्या महिलांच्या लीगमधल्या तीन संघांनी तिला चाचणीला बोलावलं. करार झाला नाही, पण रेल्वेची नोकरी होती, खेळ होता, पुढे अर्जुन पुरस्कारही आला. आपल्याकडे मात्र दहावी आली की मुलीचा सराव पहिला बंद होतो आणि भावाचा चालू राहतो. असं करू नका. क्लासच्या वेळा बघून आठवड्यातल्या तीन संध्याकाळी तरी तिच्यासाठी राखून ठेवा. अंधार होतो ही अडचण असेल, तर कोर्टवर येणाऱ्या मुलींच्या चार घरांनी मिळून ने-आण वाटून घ्या आणि दिवे लावण्यासाठी नगरसेवकाकडे एकत्र जा. मुलींमध्ये गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा जास्त आढळते, म्हणून उडी मारून खाली येताना गुडघे आत वळू न देण्याचा व्यायाम कोचकडून आग्रहाने करून घ्या. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, सरावाआधी होऊन जातं.