गर्दी एकाच दारी



नांदगाव स्थानकात गाडी लागली, की फलाटाच्या प्रवेशवाटेसमोर जो डबा येतो त्यावर सारी गर्दी तुटून पडते. चार पावले पुढे गेल्यास बसावयास जागा मिळेल हे ठाऊक असते, तरी पावले वळत नाहीत. गाडीला डबे पुष्कळ असतात. चुकते ती वाटणी. आपल्या दुकानांतील, मंगल कार्यालयांतील आणि धर्मशाळांतील वायफायचे दुखणे बहुधा हेच असते.

गेल्या दिवाळीची गोष्ट. आमच्या दुमजली कापड दुकानाच्या भिंती जुन्या व जाड. आत मोबाइलला रेंज मिळत नाही. म्हणून गिऱ्हाइकांसही वायफाय द्यावे या हेतूने तीन ॲक्सेस पॉइंट बसवले होते : एक दाराशी, दुसरा मागे गल्ल्यापाशी आणि तिसरा माडीवर. धनत्रयोदशीच्या सायंकाळी ऐन गर्दीत बिले अडकू लागली. एका वृद्ध गिऱ्हाइकाने यूपीआयने रक्कम दिली, पण त्यांच्या फोनवर नुसते चक्र फिरत राहिले. पुतण्याने त्यांना पुन्हा एकदा रक्कम पाठवावयास सांगितले. रात्री रोजमेळ जुळवताना तीच रक्कम दोनदा जमा झालेली आढळली. सकाळी वडील स्वतः त्यांच्या घरी जाऊन पैसे परत देऊन आले. आल्यावर एवढेच म्हणाले, “पैसे गेले त्यांच्या घरी; पण रात्रभर त्यांच्या मनात आपल्याविषयी काय आले असेल?”

जोडणी करून देणाऱ्यास विचारले, तर त्याने चौथा ॲक्सेस पॉइंट सुचवला. खर्च करण्यापूर्वी आम्ही कोणत्या यंत्रावर किती फोन जोडलेले आहेत याची यादी पाहिली. दारातील यंत्रावर चाळीसच्या वर फोन लटकलेले, तर गल्ल्यापाशीच्या यंत्रावर जेमतेम चार! यंत्रे कमी पडत नव्हती. भार एकाच खांद्यावर आला होता.

असे का घडते? कोणत्या ॲक्सेस पॉइंटला जोडावयाचे, हे ॲक्सेस पॉइंट ठरवत नाही, फोन ठरवतो. दारातून आत येताना जो प्रथम भेटला त्याला तो धरतो, आणि माणूस आत गल्ल्यापर्यंत गेला तरी क्षीण झालेला तो धागा सहसा सोडत नाही. शिवाय एका चॅनेलवरील सर्व फोन हवेतील वेळ वाटून घेतात. एकाचे बोलणे चालू असता इतरांना थांबावे लागते. दूरचा फोन संथ बोलतो, म्हणून तेवढ्याच मजकुरास तो जवळच्याहून अधिक वेळ घेतो. म्हणजे समतोल साधावयाचा तो केवळ माथी मोजून नव्हे. निरोप पाठवणारी दहा माणसे आणि चित्रपट पाहणारा एक यांचा भार एकाच मापाने मोजता येत नाही.

उपाय फारसे खर्चिक नाहीत. तिन्ही यंत्रांना एकच नाव व एकच परवलीचा शब्द द्यावा, म्हणजे फोनला एकाकडून दुसऱ्याकडे जाणे सुकर होते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ व ११ हे तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. शेजारच्या यंत्रांना ते वेगवेगळे द्यावेत. ५ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल अधिक मिळतात, मात्र त्या लहरी भिंतीपार कमी जातात. दारातील यंत्राची शक्ती कमी करावी. आवाज मोठा ठेवला की दूरचेही त्याच्याकडेच वळतात, हा येथील उलटा न्याय आहे. लोखंडी कपाटांमागे यंत्र ठेवू नये.

चांगल्या यंत्रांत ८०२.११के व ८०२.११व्ही या सोयी असतात. पहिलीमुळे फोनला आसपासच्या यंत्रांची यादी मिळते. दुसरीमुळे ‘तिकडे जागा आहे, तिकडे जा’ असे त्याला सुचवता येते. ही सूचना असते, आज्ञा नव्हे. फोन ती नाकारू शकतो. एका यंत्रावर किती फोन घ्यावेत याची मर्यादाही घालता येते, पण ती फार कडक ठेवल्यास एखादा जुना फोन त्याच दारावर धडका देत राहतो आणि त्याला कोठेच प्रवेश मिळत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बिलाचा संगणक तारेने जोडावा आणि गिऱ्हाइकांचे वायफाय दुकानाच्या कामकाजापासून वेगळे ठेवावे. तसेच मोकळ्या यंत्राजवळ उभे राहूनही गती मंद असेल, तर दोष वाटणीचा नसून मूळ जोडणीचा आहे असे समजावे. तेथे समतोल साधून काही लाभ होणार नाही.

रेलटेल आणि गूगल यांनी जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर विनामूल्य वायफाय सुरू केले व जून २०१८ पर्यंत ही सेवा ४०० स्थानकांवर पोहोचवली. गाडी आली की शेकडो फोन एकदम जागे होतात, अशा जागी केवळ यंत्रे वाढवून भागत नाही. भार कसा विभागला जाईल, याचा विचार आधी करावा लागतो. आपले दुकान लहान असले, तरी सणाच्या दिवशी तेही एक स्थानकच असते.

आम्ही चौथे यंत्र घेतले नाही. दारातील यंत्राची शक्ती उतरवली, चॅनेल बदलले, बिलाच्या संगणकाला तार जोडली. आणि एक नियम गल्ल्यावर लिहून ठेवला : रक्कम अडकली, तर आपले खाते तपासल्याखेरीज गिऱ्हाइकास दुसऱ्यांदा पैसे पाठवावयास सांगू नये. पाडव्याला वडिलांनी तो चष्मा लावून वाचला आणि वहीपूजनास बसले.