कापणीनंतरची पंगत

आश्विनाच्या उत्तरार्धात डहाणू-तलासरीच्या उतरत्या खाचरांत हळवे भात पिवळे पडू लागले, माळावरचे गवत कमरेएवढे उभे राहिले आणि दुपारच्या उन्हाला भाद्रपदात नसलेली धार आली, म्हणजे या दोन तालुक्यांतल्या गरीब माणसांना वर्षातली अशी एकच फट मिळते की जिच्यात घरात धान्यही असते आणि घरातली माणसेही घरातच असतात. दिवाळी ओसरते, खळी उरकतात, आणि भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्या, मिठागरे, मुंबईची बांधकामे, उंबरगाव-वापीचे कारखाने यांच्या वाटेने कुटुंबेच्या कुटुंबे लेकराबाळांसह ‘जगायला’ निघून जातात; ती परततात ती उन्हाळ्याच्या शेवटी, राब भाजून पुन्हा भाताच्या मागे लागण्यासाठी. येथल्या लहानशा ख्रिस्ती मंडळ्या आपला हंगामाचा सण आणि आपले प्रीतिभोजन या फटीत भरवतात की तिच्या बाहेर, आणि भरवताना पंगतीत कोणाकोणाला बसवतात, हा प्रश्न एका धर्मपंथाच्या घरगुती कारभारापुरता आहे असे मी समजत नाही. मुलखाच्या सार्वजनिक जीवनाशी त्याचा निकटचा संबंध आहे, आणि म्हणून तो वर्तमानपत्रात मांडण्याचे धाडस करीत आहे.

या मंडळ्यांचे कूळ थोडे सांगायला हवे, कारण जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला येथले ख्रिस्ती म्हटले की वसई आठवते, आणि वसईची पोर्तुगीज अमदानीपासूनची कॅथलिक परंपराच डहाणूपर्यंत ताणून तो मोकळा होतो. तलासरीला जेझुइट संघाचे ज्ञानमाता सदन आहे आणि त्याचे शिक्षणकार्य या भागात सर्वपरिचित आहे. परंतु डहाणूच्या प्रॉटेस्टंट मंडळीचे मूळ अगदी निराळे. अमेरिकेतल्या शेतकरी वस्त्यांत वाढलेल्या ब्रदरन पंथाची पहिली माणसे, म्हणजे विल्बर स्टोव्हर, त्यांच्या पत्नी मेरी आणि बर्था रायन, १८९४ साली हिंदुस्थानकडे निघाली. त्यांनी बलसाडला ठाणे केले, छप्पन्नाच्या (संवत १९५६ च्या) दुष्काळात मिशनने निराश्रितांना आधार दिला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम दक्षिणेकडे सरकत मराठी मुलखात, डहाणूला, येऊन ठेपले. डॉ. बार्बरा निकी यांनी तेथल्या मिशनच्या दवाखान्यात दीर्घकाळ रुग्णसेवा केली. दवाखान्याची कीर्ती देवळाहून मोठी झाली आणि मंडळी लहानच राहिली, आणि यात मंडळीचे काही बिघडले असे मला वाटत नाही. संख्येने लहान असलेल्या समाजाला एकमेकांची नावे ठाऊक असतात, कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे रविवारपर्यंत थांबून कळावे लागत नाही.

या पंथाचा जन्म १७०८ साली जर्मनीतल्या श्वार्झेनाउ गावी झाला. राजसत्तेने नेमून दिलेला धर्म न मानता अलेक्झांडर मॅक आणि त्याचे सोबती अशा आठ जणांनी एडर नदीत बाप्तिस्मा घेतला, आणि शस्त्र धरणार नाही, शपथ वाहणार नाही, असा आग्रह धरणाऱ्या ज्या पंथाची तेथे स्थापना झाली त्याने आपल्या उपासनेच्या मध्यभागी भव्य वेदी न ठेवता एक जेवणाचे मेज ठेवले. प्रीतिभोजन म्हणतात ते हेच. संध्याकाळी मंडळी जमते, प्रत्येक जण प्रथम आपल्या मनाची झडती घेतो, कोणाशी वितुष्ट असेल तर ते मिटवतो, मग योहानाच्या शुभवर्तमानात येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची जी कथा आहे तिला अनुसरून शेजाऱ्याचे पाय धुतो आणि पुसतो, मग सर्वांनी मिळून साधे जेवण जेवायचे, आणि त्यानंतर भाकर आणि प्याला. पाय ज्याने धुतले त्यानेच ते पुसायचे की एकाने धुवायचे आणि दुसऱ्याने पुसायचे, यावर एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या या भाविकांनी वर्षानुवर्षे वाद घातला, आणि नम्रतेच्या विधीवरूनही माणसे हट्टाला पेटू शकतात हे जगाला दाखवून दिले. हे भोजन बहुतेक ठिकाणी वर्षातून दोनदा होते, एकदा वसंतात, पुण्य सप्ताहाच्या गुरुवारी, आणि एकदा शरदात, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या सुमारास, ज्या दिवशी जगभरच्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र प्रभुभोजन घेतात.

अमेरिकेत हा विधी हृद्य असेल. डहाणूत त्याला जो अर्थ येतो तो तेथे येणे शक्य नाही. सावकाराच्या ओट्याखाली उकिडवे बसणे हाच ज्या मुलखात कालपरवापर्यंत आदिवासीचा शिष्टाचार होता, जेथे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही धनकोच्या घरी राबत आयुष्य काढीत, तेथे चिखलाने भेगाळलेली टाच कोणीतरी हातात घ्यावी, तिच्यावर पाणी ओतावे आणि ती पंच्याने टिपावी, आणि हे करणारा शाळामास्तर असावा व पाय गवत कापणाऱ्याचे असावेत, ही गोष्ट एखाद्या ठरावाने किंवा सरकारी परिपत्रकाने साधणारी नव्हे. माझे मत असे, की येथल्या ख्रिस्ती मंडळीकडे या मुलखाला देण्यासारखे जे काही असेल त्यात या अर्ध्या तासाची बरोबरी करील असे दुसरे काही नाही, आणि नेमके तेच हल्ली वेळेअभावी आटोपते घेतले जाते, कोठे प्रातिनिधिक म्हणून दोघाचौघांचे पाय धुऊन भागवतात, आणि वाचलेला वेळ पाहुण्यांच्या सत्काराला जातो.

हंगामाच्या सणाचेही काहीसे तसेच. उपकारस्तुतीच्या त्या रविवारी देवळात जे येते ते पाहून कोणाचेही चित्त प्रसन्न व्हावे: भाताच्या लोंब्यांच्या जुड्या, नागली-वरईची गाठोडी, उडीद, दुधी, वेलावरच्या शेवटच्या काकड्या, नारळ, घोलवडकडचे चिकू, पाय बांधलेली कोंबडी, किनाऱ्याकडच्या घरातून आलेली सुकी मासळी. आशीर्वाद झाला की या सगळ्याचा लिलाव पुकारण्याची चाल महाराष्ट्रातल्या पुष्कळ मंडळ्यांत आहे. लिलावात मौज असते हे मी नाकारीत नाही. एका दुधीसाठी दोन व्याही इरेला पेटतात, त्याची किंमत बाजारभावाच्या दसपट होते, घेणारा तो दुधी पुन्हा देवालाच देऊन टाकतो आणि पुकारा नव्याने सुरू होतो. पाळकाचे वेतन, कौलांची दुरुस्ती, वीजबिल यांची तजवीज पुष्कळदा याच रकमेतून होते, तेव्हा त्या प्रथेला नाके मुरडणाऱ्याने मंडळीचा जमाखर्च आधी पाहावा. तथापि एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. ज्याने पेरले, लावले आणि कापले त्याच्या हातात त्या दिवशी रोकड नसते. ती असते नोकरदाराच्या, निवृत्तिवेतनधारकाच्या, मुंबईहून सणापुरत्या आलेल्या नातलगाच्या. परिणामी कष्टकऱ्याने आणलेली लोंबी दुसऱ्याच्या दातृत्वाचे निमित्त होते, आणि तो मागच्या बाकावर बसून स्वतःच्याच धान्याची बोली ऐकतो.

जुन्या करारात प्रथमपीक टोपलीत घालून देवापुढे ठेवण्याची जी आज्ञा आहे तिच्या पाठोपाठ त्या आनंदात परदेशीयालाही सामील करण्याची आज्ञा आहे, आणि मांडवांच्या सणाच्या विधानात पुत्र-कन्येबरोबर दास-दासी, अनाथ आणि विधवा यांची नोंद एखाद्या तलाठ्याच्या काटेकोरपणे केलेली आहे. शेताचे कोपरे कापू नयेत, गळालेली कणसे वेचणाऱ्यांसाठी सोडावीत, हेही तेथलेच. रूथची सगळी कथा या एका नियमावर उभी आहे. पुढे करिंथच्या मंडळीत श्रीमंत लवकर येऊन आपापले जेवण उरकीत आणि उशिरा सुटणारे मजूर उपाशी राहत, तेव्हा पौलाने त्यांना झाडताना जे लिहिले त्यातले पुढचे शब्द पाळकसाहेब जवळपास दर प्रभुभोजनाच्या वेळी वाचतातच. फक्त त्यांच्या आधीच्या चार ओळी, ज्यांत भुकेल्याचा उल्लेख आहे, त्या बहुधा वाचायच्या राहतात.

आणि डहाणू-तलासरीत ऑक्टोबर हा नुसता समृद्धीचा महिना नाही. १९४५ सालच्या मे महिन्यात झरी येथे शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली एकत्र आले, वेठ नाकारायची असे ठरले, आणि पाऊस सरल्यावर गवतकापणीच्या मजुरीवरून संप झाला; १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार होऊन माणसे मेली. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात ही हकीकत सविस्तर आहे. ज्या पंधरवड्यात देवळात पिकाबद्दल उपकारस्तुती व्हायची तोच हा पंधरवडा. लाल बावट्याच्या लोकांनी आपले हुतात्मे आठवावेत आणि ख्रिस्ती लोकांनी आपल्या लोंब्या वाहाव्यात, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, अशी वाटणी मला तरी मान्य होत नाही. कापणाऱ्याला काय मिळाले हे न विचारता कापणीबद्दल आभार मानणे हा शास्त्रालाही सोडून असलेला प्रकार आहे. मंडळीतल्या वाडीमालकाने चिकूच्या बागेत राबणाऱ्या मजुराचा थकलेला रोज सणाच्या आदल्या शनिवारी चुकता करावा, एवढा साधा नियम मंडळीच्या पंचांनी केला तरी त्या रविवारच्या गायनाला निराळाच सूर लागेल.

शेजाऱ्यांचे काय, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. नवे धान्य देवापुढे ठेवल्याखेरीज तोंडात घालायचे नाही हा वारल्यांचा रिवाज ख्रिस्ती सणाहून कितीतरी जुना. कणसरी ही त्यांची धान्यदेवता, वाघबारशीला वाघदेवाची पूजा, आणि कापणीच्या दिवसांत तारप्याभोवती फिरणारा तो नाच, जो गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी पांढऱ्या रेषांत जगभर पोचवला. कॅथलिक बाजूला ही सांगड केव्हाच घातली गेलेली आहे: मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा होतो, भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद मिळून त्या घरोघर जातात, आणि जेथे खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या तेथे त्या बाहेरून आणाव्या लागतात, गोव्यात तर ऑगस्टमध्येच कोणसांच्या फेस्ताला पाद्री स्वतः विळा घेऊन पहिली कणसे कापतो. डहाणूच्या मंडळीने तारपा दाराबाहेर का ठेवावा, हे मला कळत नाही. नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तन देवळात आणले तेव्हाही भुवया उंचावल्या होत्या, आणि आज ते गायन नसलेली मराठी उपासना कोणाला कल्पिताही येत नाही.

परंतु शेजाऱ्याला जेवायला बोलावले की आमिषाचा संशय येतो, आणि अलीकडच्या वातावरणात तो संशय लवकर फिर्यादीचे रूप घेतो, हे पुष्कळांचे भय आहे. भय निराधार नाही. त्यावर दार लावून घेणे हा उपाय मात्र नव्हे, कारण बंद दारामागच्या पंगतीविषयी अफवा अधिक उठतात. उपाय परतफेडीचा आहे: वारल्यांच्या नव्या धान्याच्या दिवशी ख्रिस्ती घरातल्या माणसाने आपल्या भाऊबंदांच्या अंगणात जाऊन बसावे, काकडी किसून पिठात घालून पानात वाफवलेला तो दिवाळीचा पदार्थ मागून खावा, आणि मग आपल्याकडे बोलवावे, ज्याच्याकडे आपण जेवलो त्याला आपण फसवायला बोलावतो असे सहसा कोणी म्हणत नाही. बहुतेक ठिकाणी ही माणसे एकाच कुळातली असतात. धर्म बदलला म्हणून अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही, १९५० च्या आदेशात तशी अट नाही. कायद्याने जे नाते तोडले नाही ते वाडी-पाड्यावरच्या माणसांनी तरी का तोडावे?

मंडळीच्या पुढाऱ्यांचे लक्ष गेल्या अर्धशतकात दुसरीकडेच गुंतलेले होते, हेही नमूद करणे भाग आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा पंथ मिळून उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, ब्रदरन तीत सामील झाले, पुढे काहींनी ते विलीनीकरण अमान्य केले, आणि मिळकतीच्या मालकीचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पोचला. कोणाचा पक्ष न्याय्य हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. एवढेच म्हणतो, की एकत्र प्रभुभोजन घेता यावे म्हणून जे ऐक्य झाले त्याचे दफ्तर शेवटी जमीनजुमल्याच्या कागदांनी भरले, आणि वितुष्ट मिटवूनच मेजाशी बसायचे हा ज्यांच्या घरचा नियम, त्यांच्यातच दोन मेजे झाली. निदान प्रीतिभोजनाच्या संध्याकाळी दोन्ही पक्षांनी एकाच मांडवात बसावे. मांडव देवळाच्या आवारात नको असेल तर एखाद्या खळ्यावर घालावा. खळ्याच्या मालकीविषयी अद्याप कोणी वाद घातलेला नाही.

खर्चाची अडचण पुढे केली जाईल, तिचे उत्तर आधीच देतो. आलेल्या धान्यापैकी निम्मे लिलावाला जावे आणि निम्मे त्याच दिवशी शिजावे, भात, उडदाची आमटी आणि सुक्या मासळीचे कालवण एवढाच बेत असावा, आणि रोख वर्गणी नोकरदारांकडून गुपचूप पाकिटातून घ्यावी. तारीख छापील दिनदर्शिकेवरून न घेता पाड्यापाड्यांतून विचारून ठरवावी, भट्टीवाल्यांच्या गाड्या कोणत्या आठवड्यात येणार हे तेथल्या बायकांना बिनचूक ठाऊक असते, आणि गाडी येण्याच्या आधीच्या रविवारी सण धरावा. बाहेरगावचे सन्माननीय पाहुणे त्या रविवारी मोकळे नसतील, तर त्यांच्याविना तो होऊ द्यावा.