एएम चालू आहे ना?

शनिवारी माळशिरसला घरी आलो, तर धाकटा चुलतभाऊ ओसरीवर कम्युनिकेशनचं जर्नल उतरवत बसलेला. डिप्लोमाला आहे तो. प्रॅक्टिकल तेच, आमच्या वेळचं: अ‍ॅम्प्लिट्यूड मॉड्युलेशन. "दादा, डेप्थ किती लिहू?" स्कोपवर मोजलं होतंस का, विचारलं. नाही. चौघांचा ग्रुप, नॉब फिरवला एकानेच.

म्हटलं, अरे, मोठ्यात मोठी उंची 6 घरं आणि लहानात लहान 2 असेल, तर वजाबाकी भागिले बेरीज, म्हणजे 4 भागिले 8. पन्नास टक्के! आजोबा पुणे आकाशवाणी 792 किलोहर्ट्झवर ऐकायचे, त्यात बातम्या याच चढउतारावर बसून यायच्या. त्याला ते पटलं. पण मला आठवला माझाच घोळ.

पहिल्या नोकरीत रिसीव्हर बोर्ड तपासायची स्क्रिप्ट माझ्याकडे होती. टेबलावर एजिलेंटचा 33220ए जनरेटर (एजिलेंटचा हा धंदा 2014 पासून कीसाइटकडे). त्याला यूएसबीवरून एससीपीआयच्या कमांड पाठवायच्या. हे 1990 चं मानक, वाचायला इंग्रजी वाक्यासारखं, त्यामुळे आपल्याला सगळं कळलंय असं वाटतं. मी आधी लिहिलं एएम:सोर्स इंटरनल, मग मॉड्युलेशनची फ्रिक्वेन्सी 1 किलोहर्ट्झ, एएम:डेप्थ 80, एएम:स्टेट ऑन. पुढे लूपमध्ये प्रत्येक वाहक फ्रिक्वेन्सीला अप्लाय:साइन. एका ओळीत फ्रिक्वेन्सी, अ‍ॅम्प्लिट्यूड, ऑफसेट, शिवाय आउटपुट चालू. काय सोय!

सगळे बोर्ड पास. मी खूष :)

तीन दिवसांनी लॅबमधल्या एका काकांनी सहज प्रोब लावला आणि म्हणाले, "अहो इंजिनिअर, तुमची लाट सपाट आहे." अप्लाय आली की चालू असलेलं मॉड्युलेशन, स्वीप, बर्स्ट सगळं बंद होतं. मॅन्युअलमध्ये स्पष्ट छापलेलं आहे, मी वाचलं नव्हतं. एरर विचारली तर उत्तर 'नो एरर', कारण कमांड चुकीची नव्हतीच. वरून गंमत अशी की या यंत्रात एएम चालू असताना 0 टक्के डेप्थला आउटपुट ठरवलेल्या अ‍ॅम्प्लिट्यूडच्या निम्मं असतं. एएम बंद पडलं की पूर्ण. म्हणजे मी बोर्डांना सोपा पेपर दिला आणि वर ग्रेस मार्कही! तीन दिवसांचे रिपोर्ट रद्द. माझ्या सहीचे होते.

दुरुस्ती दोन ओळींची. लूपमध्ये अप्लायऐवजी नुसती फ्रिक्वेन्सीची कमांड द्यायची, आणि मोजण्याआधी 'एएम:स्टेट?' विचारून 1 आला तरच पुढे जायचं. डेप्थही परत वाचायची. दुसऱ्या कंपनीचा जनरेटर आला तर मॅन्युअल नव्याने उघडायचं, कारण सिग्लेंटच्या यंत्राला हेच सांगायचं तर वाक्याची धाटणीच वेगळी.

म्हणून माझं मत असं, की हे प्रॅक्टिकल कॉलेजात नॉबवर संपवू नये. पहिल्यांदा नॉबच हवा, डेप्थ वाढताना लाट कशी चिमटते ते हाताला कळायला हवं. पण त्याच तासाला तेच कमांडने करून दाखवा, यंत्राला परत विचारा, आणि मग स्कोपवर मोजा. तिन्ही आकडे जर्नलात शेजारी शेजारी. नोकरीत नॉब फिरवणारा कुणी नसतो, रात्रभर स्क्रिप्ट चालते. आणि "बजेट नाही" हे कारण दरवेळी खरं नसतं, बऱ्याच जनरेटरना मागे यूएसबीचं भोक असतंच, केबल कुणी लावत नाही. प्रोग्रॅमिंगचा तास वेगळा, लॅबचा वेगळा, मधली केबल कुणाच्याच सिलॅबसमध्ये नाही. असो.

चुलतभावाने डेप्थची जागा कोरी ठेवली. म्हणाला, "सोमवारी सरांना विचारून मोजतो. आणि दादा, आमच्या जनरेटरची मागची बाजू मी अजून बघितलेलीच नाही."