वाटाड्याचे नाव

(द्वितीय वर्ष, कला)

देशाटनाने माणूस शहाणा होतो, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण देशाटन करून आलेली सगळीच माणसे शहाणी होऊन येतात, असा काही अनुभव नाही. बसमधून उतरायचे, तिकीट काढायचे, फलकाजवळ उभे राहून फोटो घ्यायचा आणि ड्रायव्हरने हॉर्न वाजवला की पुन्हा बसमध्ये चढायचे. अशा प्रवासात गाव दिसते, पण कळत नाही. माझे म्हणणे असे की, जुने शहर कळायला दोन गोष्टी लागतात. एक, स्वतःचे पाय. आणि दुसरी, त्या शहरात राहणारा वाटाड्या. पुस्तक आधी वाचावे, नंतरही वाचावे. पण या दोहोंची जागा पुस्तकाला घेता येत नाही.

हे म्हणणे तपासून पाहण्यासाठी मी मुद्दाम दूरचे शहर घेतो. चीनमधील शीआन. मी ते पाहिलेले नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि परदेशाची गोष्ट तूर्त दूर आहे. पण ह्युएनत्संगाचा माग काढता काढता त्याच्या या शहरापर्यंत पोहोचलो, नकाशावर बोटाने हिंडलो, तिथे पायी फिरून आलेल्यांची वर्णने वाचली. त्यातून जे हाती लागले ते मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवतो.

शीआनचे जुने नाव चांगआन. तांग राजवटीची (इ. स. ६१८ ते ९०७) ही राजधानी. तिचे क्षेत्रफळ सुमारे ८४ चौरस किलोमीटर होते. सरळ रस्ते एकमेकांना काटकोनात छेदत, आणि त्यांच्यामध्ये शंभराहून अधिक पेठा वसलेल्या. प्रत्येक पेठेला स्वतःची भिंत आणि स्वतःच्या वेशी. संध्याकाळी नगारे वाजले की वेशी बंद होत, आणि त्यानंतर मोठ्या रस्त्यावर सापडणाऱ्याला शिक्षा होई. पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक असे दोन मोठे बाजार होते. पश्चिमेच्या बाजारात इराण आणि मध्य आशियाकडचे व्यापारी येऊन माल मांडत.

आजचा प्रवासी शीआनला गेला की त्याला प्रथम दाखवतात तो तट. तटाचा घेर पावणेचौदा किलोमीटर, उंची १२ मीटर, आणि माथा इतका रुंद की वरून चार बैलगाड्या शेजारी शेजारी सहज चालाव्यात. बसमधून आलेला माणूस समजतो, हीच ती चांगआनची भिंत. वास्तविक हा तट मिंग राजवटीत, इ. स. १३७० नंतरच्या काही वर्षांत उभा राहिला. पेकिंगचा तट १९५० नंतर टप्प्याटप्प्याने पाडला गेला. शीआनचा मात्र वाचला, आणि १९८३ पासून त्याची मोठी डागडुजी झाली. त्यामुळे आज दिसणाऱ्या तटात जुनी वीट कोणती आणि नवी कोणती, हे जवळ उभे राहून दाखवणारा माणूस सोबत हवा.

आता दक्षिण दरवाजातून बाहेर पडून पायी दक्षिणेकडे निघावे. काही अंतरावर विटांचा एक सडपातळ मनोरा लागतो, छोटा हंस पॅगोडा. आणखी पुढे, तटापासून सुमारे चार किलोमीटरवर, मोठा हंस पॅगोडा उभा आहे. भारतातून आणलेले ग्रंथ सुरक्षित राहावेत म्हणून ह्युएनत्संगाच्या विनंतीवरून तो इ. स. ६५२ मध्ये बांधण्यात आला. बसने हे अंतर काही मिनिटांचे. पायी जाणाऱ्याच्या मनात मात्र वाटेतच प्रश्न उभा राहतो : एवढा थोर मठ गावापासून इतका लांब का बांधला असेल?

उत्तर असे की, तो लांब बांधलेलाच नव्हता. तो भर शहरात होता. इ. स. ९०४ मध्ये एका सेनापतीने बादशहाला बळजबरीने लोयांग शहरी हलवले, चांगआनची घरे उतरवून त्यांचे लाकूड नदीतून वाहून नेले, आणि शहर ओस पडले. पुढे जे वसले ते लहान झाले. मिंग तटाच्या आतले शहर तांगांच्या शहराच्या साधारण एक सप्तमांश भरते. राजधानी जाते म्हणजे काय होते, हे परीक्षेत आपण एका ओळीत लिहितो. ती ओळ चार किलोमीटर लांब आहे, हे चालल्याशिवाय कळत नाही.

हे झाले पायांचे. वाटाड्याचे काम त्याहून नाजूक आहे.

शहराच्या मध्यावर घंटाघर आहे आणि जवळच नगारखाना. घंटेने दिवस उजाडायचा आणि नगाऱ्याने मावळायचा. घंटाघर १३८४ मध्ये बांधले, पण आजच्या जागी नव्हे. शहराचा मध्य पूर्वेकडे सरकला तेव्हा, १५८२ मध्ये, ही सबंध इमारत उचलून तिथे आणली. नगारखान्याच्या पलीकडे मुसलमानांची वस्ती लागते. ही माणसे हुई समाजाची. त्यांच्या गल्लीबोळांत एक मोठी मशीद आहे. परंपरेप्रमाणे तिची स्थापना ७४२ मधील. आजच्या पुष्कळशा इमारती मिंग काळापासूनच्या. बाहेरून पाहिले तर ते चिनी देऊळच वाटावे. घुमट नाही. निळसर कौलांची वळणदार छपरे, लाकडी कमानी, एकामागून एक चौक आणि मध्ये अष्टकोनी मनोरा. एकटा प्रवासी ‘सुंदर आहे’ म्हणून पुढे जाईल. तिथला माणूस त्याला थांबवून दिशा विचारील. चिनी देवळे आणि वाडे दक्षिणेकडे तोंड करून बांधतात. इथले चौक मात्र पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात, कारण मक्का पश्चिमेला आहे. छप्पर चीनचे आणि दिशा मक्केची. परक्या देशात आपला धर्म सांभाळून त्या देशाचे कसे व्हावे, यावर मोठे व्याख्यान देता येईल. त्या मशिदीने ते बाराशे वर्षांपूर्वीपासून दिशेच्या एका फरकात सांगून ठेवले आहे.

त्याच गल्लीत मटणाच्या रश्श्यात रोटी घालून खातात. वाडगा आणि जाड रोट्या पुढे ठेवतात, आणि रोटी गिऱ्हाइकानेच हाताने कुस्करायची असते, तीही अगदी बारीक, दाण्याएवढी. मग वाडगा आत जातो आणि रस्सा घालून परत येतो. मोठमोठे तुकडे करणारा परका म्हणून लगेच ओळखू येतो. ही रीत शेजारी बसून एखाद्याने शिकवावी लागते. रश्श्यात भाकरी कुस्करून वाढलेल्या आपल्यासारख्यांना ती शिकायला फार वेळ लागणार नाही.

येथे कोणी आक्षेप घेईल की, वाटाडे काय, पाठ केलेले बोलतात आणि ओळखीच्या दुकानात नेऊन उभे करतात. आक्षेप खरा आहे. चीनमध्ये तर वाटाड्याला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो; सरकारला काय आवडते, हे त्याला चांगले ठाऊक असते. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात देवळांवर, ग्रंथांवर, माणसांवर काय गुदरले, हे तो परक्यापुढे किती मोकळेपणाने सांगेल, ही शंकाच आहे. शिवाय लोककथा आणि इतिहास यांची तो सरमिसळ करतो. छोट्या हंस पॅगोड्याचीच गोष्ट घ्या. १४८७ च्या भूकंपात तो वरपासून खालपर्यंत दुभंगला आणि १५२१ च्या भूकंपात पुन्हा सांधला गेला, असे तिथे सांगतात. फाटला हे पटते. सांधला हे पटवून घ्यायला जरा कष्ट पडतात.

पण एवढ्यावरून वाटाड्याला खोटे ठरवणे योग्य नाही. त्या पॅगोड्याचे मूळचे पंधरा मजले. आज तेरा शिल्लक आहेत. वरचा भाग १५५६ च्या भूकंपात गेला. त्या भूकंपात सुमारे आठ लाख तीस हजार माणसे मेली, अशी नोंद आहे. ज्या मुलखाने एवढे मरण पाहिले, त्याला आपला मनोरा पुन्हा सांधला गेल्याची गोष्ट का हवीशी वाटली असेल, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. आणि पुस्तके तरी कुठे निर्लेप असतात? पुस्तकालाही लेखक असतो, लेखकालाही मालक असतो. फरक एवढाच की, वाटाड्याला उलट प्रश्न विचारता येतो आणि तो गप्प बसला तर ते गप्प बसणेही दिसते.

खुद्द ह्युएनत्संगाची कथा पाहावी. इ. स. ६२९ च्या सुमारास सरहद्द ओलांडण्यास मनाई असताना तो निघाला. वाळवंटाच्या तोंडाशी एका तरुणाने वाट दाखवण्याचे कबूल केले, नदीही पार करून दिली. पण रात्री तोच सुरी घेऊन उठला, आणि पुढे भिऊन माघारी गेला. एका म्हाताऱ्याने मात्र ह्युएनत्संगाला एक रोडका तांबूस घोडा दिला होता. त्या घोड्याने ती वाट पूर्वी अनेकदा तुडवलेली. पुढे वाळवंटात पाणी सांडले, चार रात्री पाण्याचा थेंब मिळाला नाही, तेव्हा घोडाच आपणहून वळला आणि हिरवळीपाशी, पाण्यापाशी जाऊन थांबला. त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात हे सारे आहे. वाटाडे दगाही देतात. पण वाट माहीत असलेल्यावाचून वाळवंट पार होत नाही.

हाच प्रवासी इ. स. ६४१ च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रात आला. येथील लोक उपकार स्मरणारे आणि अपमान न विसरणारे आहेत, हे त्याचे मत आपण शाळेपासून अभिमानाने पाठ करतो. पुलकेशीचे हत्ती मद्य पाजून रणात सोडतात, हरलेल्या सेनापतीला शिक्षा न करता बायकी वस्त्रे देतात, असेही त्याने लिहिले. पूर्वेकडच्या डोंगरातील लेण्यांचे वर्णन केले. ती अजिंठ्याचीच, असे अभ्यासक मानतात. आता विचार करावा. थोड्या मुक्कामात हरलेला सेनापती त्याला कुठून दिसणार? हे त्याला येथल्या कोणीतरी सांगितले. सातव्या शतकात एखादा आपला माणूस त्या चिनी भिक्षूबरोबर चालला असेल, त्याच्या प्रश्नांना उत्तरे देत असेल, थोडी फुशारकीही मारत असेल. ते वर्णन इतिहासाचे साधन झाले. सांगणाऱ्याचे नाव मात्र कोठेही नाही.

शीआनजवळ अशीच आणखी एक गोष्ट घडली. १९७४ च्या मार्च महिन्यात, शहराच्या पूर्वेला काही शेतकरी पाण्यासाठी विहीर खणत होते. कुदळीला भाजलेल्या मातीचे तुकडे लागले. पहिल्या चिनी बादशहाच्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैन्य ते हेच. सुमारे आठ हजार पुतळे असावेत असा अंदाज आहे. तज्ज्ञ नंतर आले. १९७९ मध्ये तेथे संग्रहालय उघडले. पुढे त्या शेतकऱ्यांपैकी काहीजण संग्रहालयाच्या दुकानात बसून प्रवाशांच्या पुस्तकांवर सही करीत.

माझे वडील विहिरीच्या कामावर जात. मुरूम कुठे संपतो, पाषाण कुठून सुरू होतो, पाण्याची झीर कोणत्या अंगाने येईल, हे ते मातीचा रंग पाहून सांगतात. या ज्ञानाला आपल्या अभ्यासक्रमात पेपर नाही. आमच्यासारख्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांचा धोका नेमका हाच आहे. घरची माणसे समजतात, ज्ञान कॉलेजात असते. आणि चार पुस्तके वाचली की आम्हीही तसेच समजू लागतो. मग सुट्टीत घरी गेल्यावर विचारण्यासारखे काही उरत नाही. ज्याने विचारणे सोडले, त्याचे शिक्षण तिथेच थांबले असे मी मानतो, मग पदवी कोणत्याही वर्गाची असो.

म्हणून एक सूचना करतो. आपल्याकडे शैक्षणिक सहली निघतात. दोन दिवसांत पाच ठिकाणे होतात आणि अहवालात त्यांची यादी छापली जाते. पुढच्या वर्षी एकच गाव घ्यावे. बस वेशीबाहेर उभी करावी. गावातला एक जाणता माणूस किंवा म्हातारी बाई सोबत घेऊन दिवसभर पायी हिंडावे. सांगितलेले सगळे लिहून घ्यावे आणि परत आल्यावर ग्रंथालयात बसून ताडून पाहावे. जिथे मेळ बसणार नाही तिथेच पुढचा अभ्यास सुरू करावा. आणि अहवाल छापताना प्रमुख पाहुण्यांच्या नावाआधी, पहिल्या ओळीत, त्या वाटाड्याचे नाव छापावे.